हप्ता संपलेली गाडी फुकट नसते

आमच्या घरात तीन वर्षं झाली एकच भांडण चालू आहे आणि ते नेमकं जेवायला बसल्यावरच निघतं. आबा म्हणतात, हप्ता संपला की गाडी आपल्यासाठी कमवायला लागते, तोवर ती फायनान्सवाल्यासाठी पळत असते. कोल्हापुरात शिरोली फाट्यापासनं मार्केट यार्डापर्यंत कुठल्याही ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात चहाला बसा, हेच ऐकायला मिळेल, आणि वाक्य कानाला इतकं बरोबर लागतं की कितीतरी वर्षं मी पण मान डोलवली. आता सात गाड्यांचा हिशेब माझ्याकडं आहे आणि मला स्पष्ट दिसतंय की आमच्यासारख्या पाच-सात-दहा गाड्यावाल्यांना मंदीनं खाल्लं नसेल तेवढं या एका वाक्यानं खाल्लंय.

ज्या गाडीवरनं भांडण सुरू झालं ती २०१२ ची दहाचाकी. काचेवर जोतिबाच्या नावानं चांगभलं, मागं आईचा आशीर्वाद, आणि आबांनी शोरूममधनं आणलेली पहिली कोरी गाडी, त्याआधीच्या सगळ्या सेकंड. खंडेनवमीला तिचा हार बाकीच्यांपेक्षा हातभर मोठा असायचा, अजून काय सांगू. २०२२ च्या दिवाळीनंतर तिच्यात कास्टिंग, म्हणजे फाउंड्रीतले ओतीव भाग, भरून चेन्नईला लावली. रात्री दोनला ड्रायव्हरचा फोन, तवंदी घाटात गाडी चढंना. निपाणी सोडून स्तवनिधीच्या जवळ, लोडसकट, मागं गाड्यांची रांग आणि प्रत्येकजण हॉर्न बडवतोय. क्लच प्लेट गेलेली. पहाटे मिस्त्री बोलेरोत प्लेट आणि प्रेशर प्लेट टाकून गेला, रस्त्याकडंला गिअरबॉक्स उतरवला तर फ्लायव्हीलला चरे पडलेले, त्याचं लेथवर फेसिंग केल्याशिवाय, म्हणजे तोंड सपाट करून घेतल्याशिवाय, नवी प्लेट महिनाभर पण टिकणार नाही. मग ते फ्लायव्हील परत उद्यमनगरात, त्या दिवशी नेमकी लेथवाल्याची सुट्टी, दुसऱ्या दिवशी दुपारी फेसिंग, संध्याकाळी परत घाटात. एकूण पावणेतीन दिवस गाडी तिथं उभी, ड्रायव्हर आणि क्लीनर खालीच स्टोव्हवर भात शिजवून खात होते.

सगळं मिळून बिल झालं ३८ हजार. आबांनी वहीत लिहिलं, क्लच काम ३८,०००, आणि विषय मिटला.

मिटला कुठं? ई-वे बिल, म्हणजे मालासोबतचा जीएसटीचा ऑनलाईन कागद, त्याला २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, चेन्नईचं अंतर साडेनऊशेच्या आसपास, म्हणजे हातात पाच दिवस आणि त्यातले तीन घाटात. मुदत वाढवायची तर संपायच्या आधी आठ तास ते नंतर आठ तास एवढ्यातच वाढवता येते, त्यासाठी मी रात्री एक वाजता मोबाईल धरून बसलेलो. माल उशिरा पोचला म्हणून पार्टीनं डेबिट नोट काढली, म्हणजे आमच्या बिलातनं पैसे कापले. चेन्नईहून ठरलेलं परत भाडं दुसऱ्या गाडीला गेलं, आमची दीड दिवस थांबून पडेल भावात निघाली. आणि खरा फटका दोन महिन्यांनी कळला, त्या फाउंड्रीचं आठवड्याला एक ठरलेलं लोड होतं ते हळूच दुसऱ्या ट्रान्सपोर्टकडं सरकलं, भांडण नाही काही नाही, फोनच कमी झाले. यातला एक पण आकडा "क्लच काम" या ओळीत नाही.

तेव्हापासनं मी प्रत्येक गाडीची वेगळी वही घातली. तोवर सगळ्या गाड्यांचा एकच गल्ला होता, आणि यात नुसती आबांची चूक नाही. प्राप्तिकरात इतकी वर्षं ४४एई म्हणून ओळखलेली सोय आहे, दहा किंवा त्याहून कमी मालवाहू गाड्या असतील तर हिशेबाची पुस्तकं न ठेवता ठरलेलं उत्पन्न दाखवायचं, १२ टनावरच्या गाडीला टनामागं महिन्याला १,००० रुपये. सीए म्हणतो वही कशाला घालताय, गरजच नाही. कर भरायला सोपं आहे हे खरं, पण याचा परिणाम असा की कोणत्या गाडीनं किती खाल्लं हे मालकालाच माहीत नसतं. वर गंमत अशी की गाडी महिनाभर गॅरेजला पडली तरी सरकारच्या हिशेबात तिनं २५-२८ हजार कमवलेलेच असतात. थर्ड पार्टी विम्याचं तसंच, तो गाडीच्या वजनावर ठरतो, २० ते ४० टनाच्या गाडीला ४३,९५० रुपये अधिक जीएसटी, मग ती कोरी असो नाहीतर दारात उभी म्हातारी.

आता वहीतला हिशेब सांगतो, आकडे आमच्या गाड्यांचे आहेत, तुमचे वेगळे निघतील. लाईनवर, म्हणजे लांब पल्ल्याला, महिन्याला ७,५०० किलोमीटर धरा. त्या जुन्या गाडीचा अ‍ॅव्हरेज ३.६ वर आलेला, नव्या दहाचाकीचा ४.२ मिळतो. डिझेल ९० रुपये धरलं तर फरक जवळजवळ ३०० लिटरचा, म्हणजे महिन्याला २६-२७ हजार. किरकोळ आणि मोठं मिळून जुनीचं मेंटेनन्स सरासरी ३० हजार, नवीचं १०, इथं २० गेले. जुनी महिन्यातनं तीन दिवस जास्त उभी राहते, सगळा खर्च वजा जाता दिवसाला चार हजार पकडले तर १२. झाले ५९ हजार. यातनं नव्या गाडीच्या बाजूचे खर्च काढा, बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमाच्या गाडीला, धूर साफ करायला युरिया लागतो तो साडेचार हजार, कोऱ्या गाडीचा फुल विमा साधारण तीन हजार जास्त. राहिले साडेएक्कावन्न. आणि एक गोष्ट जी कोणीच धरत नाही, जुनी गाडी आज सात लाखाला जाते ती वर्षभरानं सव्वासहाला पण कोणी घेत नाही, म्हणजे महिन्याला सहा-साडेसहा हजार ती उभ्या उभ्या पण खातेय. आले ५८ हजार. ही झाली "बिनहप्त्याची" गाडी.

आता कोरी. बॉडीसकट ४० लाख, पाच आपले, ३५ कर्ज, १० टक्क्यानं पाच वर्षं, हप्ता पंच्याहत्तरच्या आत-बाहेर. हा आकडा ऐकला की घरात शांतता पसरते. पण हप्ता म्हणजे सगळा खर्च नव्हे, त्यातला मोठा भाग गाडीत जमा होतोय. पाच वर्षांनी ती १५ लाखाला गेली असं धरलं तर घट झाली २५ लाखाची, महिन्याला ४२ हजार, आणि व्याज सरासरी १६. बेरीज करा, ५८.

मी हा हिशेब तीनदा केला कारण मला वाटलेलं नवी गाडी सहज जिंकेल. जिंकत नाही, बरोबरी होते. म्हणजे आबा पूर्ण चुकीचे नव्हते आणि मी पण नव्हतो, पण या बरोबरीचा अर्थ काय हे नीट बघायला पाहिजे. आबांना वाटत होतं जुनी गाडी महिन्याला ७५ हजार वाचवते. ती शून्य वाचवते, आणि पुढच्या वर्षी अ‍ॅव्हरेज ३.४ वर आला की खिशातनं काढायला लागते.

बरोबरीचा काटा कुठं झुकतो ते तुम्ही काय भरता यावर आहे. २०१८ च्या जुलैत केंद्रानं अ‍ॅक्सल लोड, म्हणजे गाडीला चालणारं वजन, वाढवलं, त्याआधीची दहाचाकी एकूण २५ टनाला पास, नंतरच्या २८ वर. तीन टन म्हणजे काय ते कास्टिंग किंवा साखर भरणाऱ्याला विचारा, टनावर भाडं मिळतं, महिन्याला आठ-नऊ फेऱ्या, २५ हजाराच्या आसपास नुसता वजनाचा फरक. तिथं जुनी गाडी ठेवणं म्हणजे दर महिन्याला पाकीट टाकून येणं आहे, नाहीतर मग ओव्हरलोड, आणि ओव्हरलोडनं पाटे, टायर आणि ब्रेकची कशी वाट लागते ते सांगायला नको. पण गांधीनगरचं कापड किंवा इचलकरंजीचा माल भरलात तर गाडी वजनाआधी उंचीनं भरते, तिथं ते तीन टन हवेतच राहतात. म्हणजे एकाच वर्षाच्या, एकाच कंपनीच्या दोन गाड्या, एक विकायला झालेली आणि दुसरी अजून दोन वर्षं आरामात चालणारी.

किलोमीटरचं तर त्याहून. हीच २०१२ ची गाडी गोकुळ शिरगाव ते कागल पंचतारांकित एमआयडीसी अशी लोकल फिरवली, महिन्याला २,००० किलोमीटर, तर डिझेलचा फरक सात हजारावर येतो, बंद पडली तरी मिस्त्री अर्ध्या तासात पोचतो, परत भाड्याचा प्रश्नच नाही. तिथं कोरी गाडी घालणारा माणूस हौशी म्हणायचा. म्हणून गाडी कधी बदलायची हा प्रश्न मला चुकीचा वाटतो, आधी विचारायचं की हिला या कामावरनं कधी काढायची. लाईनवरनं सहाव्या-सातव्या वर्षी उतरवायची, लोकलला लावायची, आणि लोकलला काम नसेल तर भाव असेतोवर विकायची. चुकतं कुठं, तर लोकलच्या लायकीची गाडी लाईनवर राहते, कारण "अजून पळतेय की".

अजून पळतेय की, यावरनं उद्यमनगरच्या गॅरेजात होणारा खेळ आठवतो. गाडीचं इंजिन धूर मारायला लागलं. मिस्त्री म्हणतो हेड उघडून बघू. उघडल्यावर म्हणतो लायनर-पिस्टन घालूया, आता उघडलंच आहे तर. मग पंप आणि नोझल, आता इंजिन नवं केलंय तर. तेवढ्यात पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, येतं, रंग, रेडियम, केबिनचं पत्र्याचं काम. मग दिसतं की टायर गुळगुळीत, दहा टायरचे दोन लाख, निम्मे रिमोल्ड केले तरी लाख-सव्वा. तीन महिन्यांत चार लाख गाडीत गेले आणि तिची बाजारातली किंमत वाढली पन्नास हजारानं. आता विकायचा विषय काढला की घरातनं उत्तर येतं, एवढा खर्च केलाय तो निघू दे, दोन वर्षं पळवूया. हेच वाक्य दोन वर्षांनी गिअरबॉक्सचं काम झाल्यावर परत. गेलेला पैसा परत आणायला गाडी ठेवायची म्हणजे गाडीच आपल्याला ठेवून घेते. माझा आता एकच नियम आहे, मोठं काम निघालं की हेड उघडायच्या आधी, इंजिन खाली उतरायच्या आधी, गाडी आहे तशी कितीला जाते हे दोन दलालांना विचारायचं. तो भाव आणि कामानंतरचा भाव यातला फरक कामाच्या खर्चापेक्षा लई कमी असेल तर जॅक काढा. मिस्त्री नाराज होतो, होऊ दे, तो आमचा जुना माणूस आहे आणि त्यानं पण परवा हसत कबूल केलं की स्वतःची गाडी असती तर मी कधीच विकली असती.

ड्रायव्हरचा मुद्दा मी मुद्दाम वेगळा काढतोय कारण तो वहीत बसत नाही. चांगला ड्रायव्हर जुन्या गाडीवर बसत नाही, आला तरी पहिल्या उन्हाळ्यात सोडून जातो. एप्रिलमध्ये दुपारी हुबळीच्या पुढं केबिनमध्ये इंजिनची धग खालनं आणि ऊन वरनं, बसून बघा एकदा. १ ऑक्टोबर २०२५ पासनं तयार होणाऱ्या जड ट्रकला एसी केबिन सक्तीची झाली आहे, आणि आमच्याकडं आत्ताच ड्रायव्हर विचारतात, मालक नवी कधी घेणार. जुन्या गाडीला मग मिळतो नवशिका नाहीतर कुणालाच नको झालेला, तो क्लचवर पाय ठेवून गाडी चालवतो, आणि मग तवंदी घाट. म्हणजे जुनी गाडी खराब ड्रायव्हर आणते आणि खराब ड्रायव्हर गाडी आणखी जुनी करतो, याचे पैसे कुठल्या रकान्यात लिहायचे मला अजून सुचलेलं नाही.

नव्या गाड्यांच्या विरोधात जे बोलतात त्यांचं एक म्हणणं मात्र खरं आहे. १ एप्रिल २०२० पासनं बीएस-६ आलं आणि गाडी म्हणजे अर्धा कॉम्प्युटर झाला. पूर्वीची गाडी पाना-पक्कड आणि देवाचं नाव यावर कोल्हापूरपर्यंत यायची. आता एखादा सेन्सर गेला की गाडीची ताकदच कमी होते, युरिया संपला किंवा भेसळीचा भरला तरी तेच, सायलेन्सरमधला फिल्टर चोक झाला की उभं राहून त्यातली काजळी जाळत बसा, आणि आमचा पन्नास वर्षांचा मिस्त्री स्कॅनर नसल्यामुळं बोनेटकडं नुसता बघत राहतो. म्हणून बरेचजण बीएस-३, बीएस-४ ला चिकटून आहेत. मला ही भीती समजते, पण तिचा उपाय जुनी गाडी धरून बसणं हा नाही. वॉरंटी आणि कंपनीच्या मेंटेनन्स करारातच गाडी लाईनवर पळवायची आणि ते संपत आलं की उतरवायची, म्हणजे तेच सहा-सात वर्षांचं गणित. ज्याला कोरी झेपत नाही त्यानं चार-पाच वर्षांची बीएस-६ सेकंड घ्यावी, पहिल्या मालकाची सगळ्यात मोठी घट होऊन गेलेली असते. फक्त वायरिंग बघून घ्या. आपल्याकडं २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं तेव्हा किती गाड्या पाण्यात होत्या सगळ्यांना माहीत आहे, आणि पाण्यातनं निघालेली गाडी बाहेरनं चकाचक असते, दुखणं कनेक्टरमध्ये दोन वर्षांनी निघतं.

आता सरकारचं. १३ ऑगस्ट २०२१ ला स्क्रॅप धोरण आलं तेव्हापासनं कट्ट्यावर एकच वाक्य, १५ वर्षं झाली की गाडी भंगारात. खासगी मालकाच्या ट्रकला तसा नियम नाही. वर्षं झाली म्हणून नव्हे, फिटनेसमध्ये नापास झाली तर गाडी संपली असं ते धोरण आहे, आणि नोंदणीकृत केंद्रात मोडून सर्टिफिकेट घेतलं तर नव्या मालवाहू गाडीला राज्यांनी रोड टॅक्समध्ये १५ टक्क्यांपर्यंत सवलत द्यावी असं केंद्रानं म्हटलंय. सरसकट वयाची कुऱ्हाड पडली ती सरकारी गाड्यांवर, १ एप्रिल २०२३ पासनं १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणीच रद्द. मला ते पटत नाही. एखाद्या पालिकेची अग्निशमनची गाडी १५ वर्षांत आमच्या लाईनच्या गाडीच्या एका वर्षाएवढी पण पळत नाही आणि कचऱ्याची गाडी आठव्या वर्षीच सडलेली असते, दोघींना एकच कॅलेंडर लावणं म्हणजे शाळेत सगळ्या पोरांना एकाच मापाची चप्पल.

पण मी इथं थांबलो तर अर्धवट बोललो होईल, कारण वय मोजू नका म्हणणारे सगळेच माझ्यासारखे वही घेऊन बसलेले नसतात. लाईनवरनं उतरलेल्या गाड्या जातात कुठं ते बघा. नॅशनल परमिट साध्या दोन अ‍ॅक्सलच्या ट्रकला १२ वर्षांपर्यंत आणि मल्टी-अ‍ॅक्सलला १५ पर्यंतच मिळतं, त्यानंतर ती गाडी राज्यातच फिरणार, आणि आपल्या जिल्ह्यात तिचं शेवटचं घर म्हणजे ऊस. सहा-साडेसहा महिने दारात उभी, दिवाळी झाली की बॅटरी चार्ज करून, टायर इकडचे तिकडं करून सीझनला. मालकाच्या हिशेबानं बघितलं तर यात चूक नाही, फेरी वीस-तीस किलोमीटरची, वर्षाला किलोमीटर किरकोळ, कोरी गाडी घालून ऊस वाहतुकीचा धंदा होऊच शकत नाही. पण रात्री अकरा वाजता गगनबावडा रोडला मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊस दोन्ही बाजूनं रस्त्यावर आलेला, अशी गाडी समोर आली की हिशेब आठवत नाही. त्या गाडीचा सगळ्यात मोठा खर्च तिचा मालक भरतच नाही, मोटरसायकलवरनं कामावरनं येणारा माणूस भरतो.

म्हणून वयाऐवजी मशीनची तपासणी या गोष्टीला माझा पूर्ण पाठिंबा आहे, आमच्या धंद्यातले कितीजण नाराज झाले तरी. ब्रेक रोलरवर घालून किती टक्के धरतो ते आकड्यात आलं की एजंटाच्या ओळखीचं काही चालत नाही, निदान चालायला अवघड जातं. जड गाड्यांना ऑटोमॅटिक केंद्रातनं तपासणी आधी एप्रिल २०२३ ला सक्तीची होणार होती ती पुढं ढकलत ऑक्टोबर २०२४ वर नेली, कारण केंद्रंच पुरेशी नव्हती. केंद्रं नाहीत पण फी मात्र वाढली, २०२५ च्या नोव्हेंबरात २० वर्षांवरच्या ट्रकच्या फिटनेसची फी २५ हजार केली. फी वाढवून म्हातारी गाडी हटवता येते असं दिल्लीत वाटत असेल, इथं उलटं होतं, २५ हजार नाहीत म्हणून माणूस पासिंगच करत नाही आणि गाडी उसाला तशीच चालू. फी पाचशे ठेवा, तपासणी कडक ठेवा. आणि साखर कारखान्यांनी काट्यावर गाडी घेतानाच पासिंगचा कागद आणि मागचे दिवे बघितले तर आरटीओला रस्त्यावर उभं राहायला पण लागणार नाही, कारखान्याच्या गेटातनं परत गेलेली गाडी दुसऱ्या दिवशी दिवे लावूनच येते.

या सगळ्यात माल देणारा नामानिराळा राहतो याचा मला राग आहे. फाउंड्रीवाला स्वतःच्या मशीनवर डिप्रिसिएशन धरून कास्टिंगचा रेट काढतो, आणि आमच्याकडं भाडं ठरवताना डिझेल, टोल आणि ड्रायव्हर एवढंच धरतो, वर बिल ६० नाहीतर ९० दिवसांनी. आम्ही पण तेवढंच धरून हो म्हणतो, कारण शेजारचा बिनहप्त्याच्या गाडीवाला त्याहून कमीत जायला तयार असतो. तो शेजारी आपली गाडी थोडी थोडी विकून भाडं मारतोय, फक्त ते त्याला माहीत नाही. वरच्या हिशेबात पाच वर्षांत २५ लाखाची घट होती, साडेचार लाख किलोमीटरला भागा, किलोमीटरमागं साडेपाच रुपये. हे साडेपाच रुपये ज्या भाड्यात नाहीत ते भाडं तोट्याचं, भले हातात रोख दिसू दे. आम्ही गेल्या वर्षापासनं लाईनच्या प्रत्येक फेरीमागं एवढे पैसे पतसंस्थेत वेगळ्या खात्यावर टाकतो. सुरुवातीला आबा याला पोराचा खेळ म्हणायचे. दोन ठिकाणची भाडी आम्ही सोडली, एक परत आलं, एक नाही आलं.

ती २०१२ ची गाडी २०२५ च्या दसऱ्यानंतर विकली. २२ सप्टेंबरला ट्रकवरचा जीएसटी २८ वरनं १८ वर आला, कोऱ्या गाड्या स्वस्त झाल्या आणि त्याच आठवड्यात आमच्या गाडीला आलेलं गिऱ्हाईक दीड लाखानं खाली घसरलं, म्हणजे तीन वर्षांचं भांडण आम्हाला किती पडलं त्याचा आकडा पण मिळाला. घेणारा पन्हाळ्याकडचा, उसाला लावणार म्हणाला. मागचे दिवे, रिफ्लेक्टर आणि ब्रेक लायनर मी आमच्या खर्चानं करून दिले, आबा म्हणाले विकलेल्या गाडीला कोण खर्च करतंय, आणि स्वतःच नवं रेडियम आणून चिकटवत बसले.

आता नंबर २०१६ च्या गाडीचा आहे. अ‍ॅव्हरेज ३.८, पुढच्या महिन्यात पासिंग, टायर आठ गुळगुळीत. शोरूमवाला रोज फोन करतोय की डिसेंबरात घ्या, वर्षअखेरची सूट देतो. डिसेंबरात घेतलेली गाडी महिन्याभरात मागच्या वर्षाचं मॉडेल होते आणि विकताना दलाल पहिल्यांदा मॉडेलच विचारतो, त्यामुळं त्याची सूट त्यालाच लखलाभ. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बुकिंग, बॉडी बांधायला महिना, तोवर जुनीला लाईनवरनं काढून कागलच्या लोकलला लावलीय आणि चारच टायर बदललेत. काल आबा ऑफिसात आले, तिची वही उघडून बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले टर्बोचा आवाज येतोय, मिस्त्रीला बोलवायच्या आधी दलालाला फोन लाव.